हात पुन्हा शिकतो



समजा, तुम्ही पातूरला राहता आणि नववीत शिकता. थंडीचे दिवस आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात आबाजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले आहेत. एकाएकी त्यांच्या उजव्या हातातली शेंग गळून पडते. तुम्ही हाक मारता. ते बोलू पाहतात, पण शब्दांऐवजी नुसता अस्पष्ट आवाज निघतो. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळलेला दिसतो. शेजारच्या आजी धावत येतात आणि म्हणतात, "याईच्या अंगावरून वारं गेलं!"

'अंगावरून वारे जाणे', 'लकवा', 'अर्धांगवायू', 'पक्षाघात' ही सारी एकाच आजाराची नावे आहेत. 'पक्ष' म्हणजे बाजू. शरीराची एक बाजू लुळी पडते म्हणून पक्षाघात. हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्याच विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी 2011 ते 2013 या काळात 86 खेड्यांतील मृत्यूंची कारणे शोधली. एकूण 1599 मृत्यूंपैकी 229 पक्षाघाताने झाले होते. त्या खेड्यांत इतर कोणत्याही एका कारणाने एवढी माणसे दगावली नव्हती. म्हणून या आजाराची ओळख खेड्यातल्या मुलामुलींनाही हवी.

मेंदूत काय घडले?

या आजाराचा वाऱ्याशी काही संबंध नाही. बिघाड असतो तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यात. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ 20 टक्के प्राणवायू तो एकटाच वापरतो. साठवण मात्र मुळीच नाही. त्यामुळे रक्त थांबले की काही मिनिटांतच चेतापेशी मरू लागतात.

रक्त दोन कारणांनी थांबते. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी वाहिनीत अडकते. उरलेल्या वेळा वाहिनीच फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. दोन्हींच्या मुळाशी अनेकदा वर्षानुवर्षे न ओळखलेला उच्च रक्तदाब असतो. मधुमेह आणि तंबाखू त्यात भर घालतात.

आबाजींचा उजवा हात लुळा पडला. मग बिघाड मेंदूच्या कोणत्या बाजूला असेल? डाव्या! मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणारे बहुतेक चेतातंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या भागात एकमेकांना ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात. बहुतेक माणसांत बोलण्याचे मुख्य केंद्रही डाव्या बाजूलाच असते. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने 1860 च्या दशकात ते दाखवून दिले. म्हणूनच आबाजींचा उजवा हात आणि वाणी एकदमच गेली.

घड्याळाकडे पाहा

ग्रहणाच्या धड्यात तुम्ही प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द शिकला आहात. मेंदूचे डॉक्टर तीच कल्पना येथे वापरतात. गुठळीमुळे रक्त पार बंद झालेल्या भागातील पेशी लवकर मरतात. त्याच्या भोवतालच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत असते. तेथील पेशी निपचित पडलेल्या असतात, पण जिवंत असतात. हा भाग म्हणजे मेंदूतील उपच्छाया. रक्त वेळेवर पुन्हा सुरू झाले तर हा भाग वाचतो.

वेळेवर म्हणजे किती? मोठी वाहिनी बंद झाली असता दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित 2006 साली मांडले गेले. पातूर ते अकोला हे अंतर सुमारे 32 किलोमीटर. घरातून निघून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचायला एक तास लागला असे धरा आणि 19 लाखांना 60 ने गुणा. उत्तर येते 11 कोटी 40 लाख! "संध्याकाळपर्यंत वाट पाहू, अंग चोळून पाहू" असे म्हणण्यात काय जाते, ते या गुणाकारातून दिसते.

गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. त्याआधी गुठळी आहे की रक्तस्राव, हे सी.टी. स्कॅन काढून ठरवावे लागते, कारण रक्तस्रावात तेच औषध घातक ठरते. म्हणून चार गोष्टी पाठ करा: चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते, वेळ नोंदवा. लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. वाटेत पाणी किंवा चहा पाजू नका. गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असू शकतात, आणि मग घोट श्वासनलिकेत जातो.

मेलेली पेशी परत येत नाही. मग हात परत कसा येतो?

आबाजी वाचले. काही दिवसांनी घरी आले. उजवा हात अजून लोंबतोच आहे. आता तुम्ही विचाराल, "मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत, मग हात सुधारणार कसा?"

पातूरचा घाट आठवा. समजा, दरड कोसळून घाटातला रस्ता बंद झाला. पहिल्या दिवशी सगळे अडून राहते. मग कोणी शेताच्या बांधावरून वाट काढतो. त्याच्यामागून दुसरा जातो, तिसरा जातो. गवत तुडवले जाते, पायवाट होते, काही दिवसांनी तीवरून बैलगाडीही जाते. मेंदूतही असेच काहीसे घडते. जिवंत राहिलेल्या चेतापेशी नव्या जोडण्या करतात, आणि पूर्वी फारसे वापरात नसलेले मार्ग कामाला लागतात. मेंदूच्या या गुणाला लवचिकता म्हणतात. पण ध्यानात ठेवा, पायवाट चालल्याने होते. कोणी चाललेच नाही तर तेथे गवत उगवते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. पेद्रो बाख-इ-रिता हे कवी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवत असत. 1959 साली, वयाच्या 65 व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. अर्धे अंग लुळे पडले, वाचा गेली. काही आठवडे उपचार होऊनही विशेष फरक पडला नाही. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचे शिक्षण घेत होता. तो वडिलांना आपल्या घरी घेऊन गेला. अशा रोग्यांना कसे शिकवावे याचे शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. त्याने लहान बाळाकडे पाहून ठरवले: बाळ आधी रांगते, मग चालते, बाबाही तसेच शिकतील.

वडील भिंतीच्या आधाराने रांगू लागले. शेजाऱ्यांना ते आवडले नाही. एवढ्या विद्वान माणसाला जमिनीवर रांगायला लावतात, म्हणून ते नावे ठेवू लागले. मुलाने सोडले नाही. जमिनीवर गोट्यांचा खेळ मांडून तो वडिलांना लुळ्या हाताने गोट्या पकडायला लावी. भांडी घासताना दुबळा हात भांड्यात गोल गोल फिरवायला लावी. काही वेळ एका दिशेने, काही वेळ उलट. सुमारे वर्षभराने पेद्रो पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. पुढे ते डोंगरही चढू लागले. पक्षाघातानंतर सुमारे सात वर्षांनी कोलंबियात डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा सगळे चकित झाले. मेंदूकडून मेरुरज्जूकडे जाणारे त्या मार्गातील बहुतांश तंतू नष्ट झालेले होते. ते भरून आलेच नव्हते! म्हणजे त्यांचे चालणे-बोलणे उरलेल्या थोड्या वाटांवर उभे राहिले होते. त्यांचा दुसरा मुलगा पॉल स्वतः मेंदूचा संशोधक होता. वडिलांच्या या अनुभवाने तो मेंदूच्या लवचिकतेच्या अभ्यासाकडे अधिकच ओढला गेला.

हे एका माणसाचे उदाहरण आहे. प्रत्येक रोगी इतका बरा होत नाही. किती भाग मेला आणि कोठला मेला, यावर पुष्कळ अवलंबून असते. सुधारणा बहुधा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते. नंतर तिचा वेग मंदावतो, पण सराव चालू ठेवला तर ती थांबतेच असे नाही.

मदत किती करायची?

आता आबाजींच्या घरी परत येऊ. सून प्रेमाने भाकर कुस्करून त्यांना भरवते. मुलगा सदऱ्याच्या गुंड्या लावतो. तुम्ही पाण्याचा पेला थेट ओठांना लावता. सगळे मायेने चालले आहे. पण उजव्या हाताला दिवसभरात काम किती मिळाले? काहीच नाही. जे थोडेफार करायचे ते आबाजी डाव्या हाताने उरकतात. हळूहळू मेंदू शिकतो की उजव्या हाताची गरजच नाही. जो हात थोडा हलू शकला असता, तोही हलेनासा होतो.

अमेरिकेतील एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने यावर एक साधा उपाय पुढे आणला. चांगल्या हाताला जाड मोजा घालून त्याला कामापासून रोखायचे, म्हणजे दुबळ्या हातालाच काम करावे लागते. 2006 साली 222 रोग्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवडे चांगला हात जागेपणाच्या बहुतेक वेळात बांधून दुबळ्या हाताकडून भरपूर सराव करून घेतला होता. त्यांचे हात इतर रोग्यांपेक्षा अधिक सुधारले आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. हा उपाय सर्वांसाठी नसतो. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे, त्यांनाच तो लागू पडतो, आणि तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

मग घरच्यांनीच सराव करून घेतला तर? हा प्रश्न भारतातच तपासला गेला. 14 रुग्णालयांतील 1250 रोग्यांचे दोन गट केले. एका गटातील रोग्यांच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून ते घरी करून घ्यायला सांगितले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. 2017 साली निकाल जाहीर झाला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण सारखेच, म्हणजे 47 टक्के होते!

हा निकाल वाचून निराश होऊ नका. त्यातून नीट बोध घ्या. घरचे लोक दोन्ही गटांत होते. जेवू घालणारे, औषध देणारे, उठवून बसवणारे तेच होते. फरक एवढाच होता, की एका गटातील घरच्यांवर व्यायामाची जबाबदारीही सोपवली होती. घरच्यांवर व्यायामाची जबाबदारी सोपवल्याने निकाल सुधारला नाही, असा याचा अर्थ. काय करायचे, किती करायचे आणि काय टाळायचे हे तज्ज्ञाने ठरवावे. उदाहरणार्थ, लुळ्या हाताला धरून रोग्याला कधीही ओढू नये, खांदा निखळतो. तज्ज्ञाने सांगितलेले काम रोज, न कंटाळता करायला सोबत बसणे, हे मात्र घरच्यांवाचून कोण करणार?

पातूरच्या घरात अशी कामे हवी तितकी आहेत. परातीत तुरीचे दाणे पसरून एकेक दाणा वाटीत टाकणे, बोंडातून कापूस काढणे, टेबल पुसणे, गुंडी लावणे. आबाजी पेल्याकडे हात नेतात, हात थरथरतो, पाणी सांडते. तुम्ही पुढे होऊन पेला उचलू नका. म्हणा, "तुमीच घ्या, आबाजी. मी आहो न अठी." आणि थांबा. ते थांबणेच कठीण असते!

शब्द हरवले तरी माणूस तोच असतो

आबाजींना 'पाणी' म्हणायचे असते आणि तोंडातून 'पान' निघते. मग ते चिडतात, कधी रडतात. याला वाचाघात म्हणतात. त्यांची बुद्धी गेलेली नसते. शब्द सापडत नसतात. त्यांच्यासमोर बसा, सावकाश व लहान वाक्यांत बोला. 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल असे प्रश्न विचारा. उत्तराला वेळ द्या. ते बहिरे नाहीत, तेव्हा ओरडू नका; आणि त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी परक्यासारखे बोलू नका.

पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना मनाची खिन्नता ग्रासते. खिन्न माणूस सराव सोडतो. सराव सुटला की हात मागे पडतो. येथे मित्रांचे काम सुरू होते. पारावरचे सोबती पहिल्या आठवड्यात सगळेच भेटून जातात, नंतर येईनासे होतात. त्यांना पुन्हा बोलावून आणणे हे नातवाला सहज जमण्यासारखे आहे. खिन्नता फार वाढली तर तीही डॉक्टरांना सांगा. तिच्यावर औषध असते. रक्तदाबाची गोळी मात्र बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, कारण दुसरा झटका येऊ शकतो.

करून पाहा

एका वाटीत तुरीचे 20 दाणे घ्या. ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही, त्या हाताने एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाका. किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहून लिहून ठेवा. रोज दहा वेळा असे करा. दोन आठवड्यांनंतर आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर सरासरी वेळ मांडा. मधले दोन दिवस सराव बंद ठेवला तर रेषेचे काय होते, तेही पाहा. शिक्षकांनी वर्गातील सर्वांचे आलेख भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत. कोणाची रेषा झपाट्याने उतरेल, कोणाची रेंगाळेल.

तुमचा मेंदू धडधाकट आहे, तरीही नवखा हात शिकायला तुम्हाला इतके दिवस लागले. आबाजी तेच काम जखमी मेंदूने करत आहेत. पुढच्या वेळी त्यांच्या हातून पाणी सांडेल, तेव्हा हा आलेख आठवा. फडके घेऊन या, पाणी पुसा आणि पेला पुन्हा भरून त्यांच्या उजव्या हाताजवळ ठेवा.