ऑक्सिडीकरण, प्रथिनाची घडण आणि डीएनएवरील पकड

औषधांच्या वेष्टनावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. आमलकी असो वा हरिद्रा, रुग्णाने विचारले की आपण सांगतो, ऑक्सिडीकरण म्हणजे पेशींची झीज आणि हे द्रव्य ती थांबविते. हे विधान अपुरे आहे असे आमचे मत आहे. कारण पेशी ऑक्सिडीकरणाचा उपयोग संदेश म्हणूनही करते. याचे उत्तम अभ्यासले गेलेले उदाहरण आपल्या आतड्यांत वसणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत सापडते.

या जीवाणूत ऑक्सीआर नावाचे प्रथिन आहे. ३०५ अमिनो आम्लांची एक, अशा चार साखळ्या एकत्र येऊन ते कार्य करते. प्रत्येक साखळीत १९९ व्या आणि २०८ व्या स्थानी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. एरवी ही दोन स्थाने एकमेकांपासून सुमारे १७ अँगस्ट्रॉम दूर असतात. रेणूंच्या जगात हे अंतर थोडे नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइड वाढले की प्रथम १९९ व्या सिस्टीनचे ऑक्सिडीकरण होते आणि मग त्याचा २०८ व्याशी डायसल्फाइड बंध जुळतो. त्यासाठी मधल्या भागाची घडी मोडून नव्याने बसते, चारही साखळ्यांची परस्पर मांडणी बदलते आणि त्याबरोबर डीएनएवरील पकडही. क्षपित अवस्थेत हे प्रथिन डीएनएच्या लगतच्या दोन-दोन खाचा धरते व मध्ये एक वेढा मोकळा सोडते; ऑक्सिडीकृत अवस्थेत ते सलग चार खाचा धरते. या नव्या पकडीमुळे कॅटालेजसारख्या विकरांची जनुके कार्यान्वित होतात आणि पेरॉक्साइडचा नाश होतो. पुढे ग्लुटाथायोनच्या साहाय्याने ग्लुटारेडॉक्सिन हा बंध सोडविते. ऑक्सिडीकरणानेच हे प्रथिन थेट जागृत होते, हे १९९० साली स्टॉर्झ, टार्टाग्लिया व एम्स यांनी दाखविले. दोन्ही अवस्थांतील रचना २००१ साली प्रसिद्ध झाल्या.

मानवी पेशीतील पी५३ या प्रथिनाची गोष्ट नेमकी उलट. अर्बुदाला आवर घालणाऱ्या या प्रथिनात तीन सिस्टीन व एक हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. त्या सिस्टीनांचे ऑक्सिडीकरण झाले की जस्त सुटते, घडी विस्कटते आणि डीएनएवरील पकड ढिली पडते. म्हणजे एकाच रासायनिक क्रियेने एक प्रथिन कामाला लागते, तर दुसरे निकामी होते.

औषधशाळांच्या अहवालांत बहुधा डीपीपीएच चाचणीचा आकडा असतो. जांभळा द्राव किती फिका पडला, एवढेच ती सांगते. त्या परीक्षानळीत जठराग्नी नाही, पेशी नाही, ऑक्सीआर वा पी५३ही नाही. औषधनिर्मात्या बंधूंनी तो आकडा अवश्य द्यावा. मात्र त्यापुढे ‘परीक्षानळीतील’ हा शब्द छापावा, आणि वैद्यांनीही रुग्णाशी बोलताना तो गाळू नये.