राखणीच्या मचाणासाठी लाकडाची निवड

मेहकर तालुक्यात सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांना रानडुकरे व रोही यांचा उपद्रव होतो. त्यामुळे रात्रीच्या राखणीसाठी शेतात मचाण बांधण्याची वहिवाट आहे. मचाणावर माणूस निजतो. म्हणून त्याचा एक खांब कुजला तरी जिवाला धोका असतो. असे असूनही पुष्कळदा बांधावर जे लाकूड सापडेल तेच वापरले जाते. यास्तव कोणते लाकूड कोठे वापरावे, याचा येथे विचार केला आहे.

खांब कोठे कुजतो?

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा व हवा या दोहोंची गरज असते. लाकडातील ओलावा शेकडा २० हून कमी असल्यास ती वाढत नाही. खांबाचा वरचा भाग पावसानंतर वाळतो व खोल पुरलेल्या भागास हवा कमी मिळते. जमिनीलगतच्या वीतभर भागास मात्र दोन्ही मिळतात. म्हणून खांब प्रथम तेथेच कुजतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते व खांब सैल करते. वाळवीही जमिनीतूनच वर चढते.

लाकडांची तुलना

कोणत्याही झाडाचे बाहेरचे फिकट लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, लवकर कुजते. टिकाऊपणा असतो तो आतल्या गडद गाभ्यात. म्हणून केवळ झाडाचे नाव न पाहता गाभा किती आहे ते पाहावे.

*साग :* जमिनीत नमुने पुरून घेतलेल्या चाचण्यांत सरासरी १२० महिन्यांहून अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गाचे मानतात. सागाचा गाभा त्या वर्गात मोडतो. तो फारसा वाकत नाही. खांबांस हा सर्वोत्तम, परंतु महाग.

*बाभूळ :* कठीण, जड व मजबूत. आडव्या तुळयांस उत्तम. परंतु सरळ लांब तुकडे क्वचित मिळतात. ओले लाकूड काही आठवडे पाण्यात बुडवून नंतर सावलीत वाळविल्यास भुंग्यांचा उपद्रव कमी होतो. वाळलेल्या लाकडास गिरमिटाने भोक पाडूनच खिळा मारावा.

*कडुनिंब :* गाभ्यास कीड कमी लागते. फळ्यांस व आडव्या लाकडांस चांगला.

*आंबा :* उघड्यावर लवकर कुजतो. याचा खांब कधीही करू नये.

*निलगिरी :* सरळ व स्वस्त. परंतु कोवळ्या वाशांत बहुतेक रसकाष्ठच असते व वाळताना ते फाटतात.

*बांबू :* प्रक्रियेविना मातीत पुरल्यास साधारणतः १ ते ३ वर्षेच टिकतो.

सारांश, खांब सागाचे, तुळया बाभळीच्या व फळ्या कडुनिंबाच्या, अशी विभागणी केल्यास खर्च बेताचा राहतो. झाड तोडण्यापूर्वी व लाकूड वाहून नेण्यापूर्वी आवश्यक त्या परवानगीची वनखात्याकडे चौकशी करावी.

उभारणी

१. शक्य तेथे खांब मातीत पुरू नये. दगडी अथवा सिमेंटच्या पायावर लोखंडी पट्टीने जखडून तो जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा व तिरप्या आधारांनी बळकट करावा.

२. डांबर वाळलेल्या लाकडासच लावावे. ओल्या लाकडास लावल्यास ओलावा आत कोंडतो व खांब आतून कुजतो.

३. फळ्यांत अर्धे बोट फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळून जाते.

४. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांची प्रक्रिया शोधली. ती कारखान्यात दाबाखालीच करावयाची असते. अशा लाकडाचे तुकडे विषारी असल्यामुळे चुलीत कदापि जाळू नयेत.

परीक्षा

दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक खांबालगतची माती वीतभर उकरून लाकडात सुरीचे टोक दाबावे. ते सहज आत शिरल्यास खांब वरून कितीही धडधाकट दिसला तरी बदलावा, व तोपर्यंत मचाणावर कोणासही चढू देऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा एका तरी शेतात प्रत्यक्ष करून दाखवावी.