न बोलता बोलणारे चित्र

मुलांनो, तुम्ही कधी फळ्यावर आपल्या मित्राचे चित्र काढले आहे का? नाक जरा मोठे केले, केस साळिंदरासारखे उभे काढले, की खाली नाव लिहावे लागत नाही. सारा वर्ग ओळखतो आणि हसतो. तो मित्र मात्र हसतोच असे नाही! अशा चित्राला व्यंगचित्र म्हणतात.

आज आपण एका व्यंगचित्राची गोष्ट वाचणार आहोत. हे चित्र सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या एका तरुणाने तयार केले. त्याचे नाव त्से त्सान ताई. नावात 'ताई' असले तरी तो पुरुष होता, बरे का!

त्या काळी चीन हा फार मोठा, पण दुबळा झालेला देश होता. ब्रिटनने चीनशी अफूवरून लढाई केली होती आणि 1842 साली हाँगकाँग बेट घेतले होते. चीनच्या लोकांना ज्या अफूचे व्यसन लागले, तिच्या पेट्या आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजांत चढत असत. पुढे 1894 साली जपानशी युद्ध झाले. चीन हरला. 1895 मध्ये त्याला तैवान बेट जपानला द्यावे लागले. चीनला कोणीही हरवू शकते, हे आता सगळ्या जगाला दिसले. मग काय! जर्मनीने एक बंदर बळकावले. रशियाने दुसरे घेतले. फ्रान्सने दक्षिणेचा एक उपसागर मागितला. ब्रिटनने हाँगकाँगला लागून असलेला मुलूख 99 वर्षांच्या कराराने घेतला. घरमालक आजारी पडावा आणि शेजाऱ्यांनी एकेक खोली वाटून घ्यावी, तसे झाले.

त्सान ताईचा जन्म 1872 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाला होता. तो इंग्रजी उत्तम जाणत होता. त्याला लेख लिहिता आला असता. पण चीनमधल्या बहुतेक लोकांना तेव्हा वाचता येत नव्हते. त्यांना हे संकट कसे समजावे? त्याने चीनचा नकाशा घेतला आणि त्यावर प्राणी बसवले.

तुमच्या नकाशासंग्रहात आशिया खंडाचे पान उघडा. चीनच्या उत्तरेला बोट ठेवा. येथून एक भले मोठे अस्वल खाली उतरले आहे. त्याचे पंजे चीनच्या जमिनीवर पडले आहेत. हे अस्वल म्हणजे रशिया. आता बोट खाली आणा. मध्ये यांगत्से नदी सापडेल. तिच्या खोऱ्यात एक बुलडॉग कुत्रा ठाण मांडून बसला आहे. तो ब्रिटन. दक्षिणेकडून एक बेडूक हातपाय पसरून येतो आहे. तो फ्रान्स. इंग्रज लोक फ्रेंचांना चिडवताना बेडूक म्हणत. पूर्वेला समुद्रात सूर्य उगवला आहे. सूर्य एरवी आपल्याला आवडतो, पण हा सूर्य जपानचा आहे आणि त्याचे किरण चीनकडे वळले आहेत. फिलिपाईन्स बेटांवरून एक गरुड उडत येतो आहे. अमेरिकेने ही बेटे 1898 साली स्पेनकडून घेतली होती. गरुड थोडा उशिरा निघाला, एवढेच! आणि जर्मनी? जर्मनीला चित्रकाराने प्राणीसुद्धा केले नाही. तो आहे सॉसेज, म्हणजे मांसाचा खिमा भरलेली लांबट कांडी. जर्मन लोकांना ती फार आवडते. एवढ्या मोठ्या बादशहाचे बलाढ्य राज्य, आणि चित्रात मात्र खाण्याची एक कांडी!

पाहा, एकही लेख न वाचता तुम्हांला सारे कळले की नाही?

हे चित्र पुढे पुन्हा पुन्हा छापले गेले. एका छपाईत दोन्ही बाजूंना चिनी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा, की एका नजरेत कळते, सांगावे लागत नाही. त्याच चित्रात नकाशाच्या आत काही माणसेही दिसतात. ते चीनचेच अधिकारी आहेत. एकाच्या हातात भले मोठे नाणे आहे. एक चक्क झोपला आहे! अस्वल आणि कुत्रा अंगावर आले, तरी त्याची झोप मोडत नाही. मला विचाराल, तर साऱ्या चित्रात हा झोपलेला माणूस काढायला सर्वांत जास्त धैर्य लागले असेल. परक्यांना हसणे सोपे असते.

धैर्य का लागले? हाँगकाँगमध्ये ब्रिटिशांचे राज्य होते, म्हणजे चित्रातल्या कुत्र्याच्या दारातच चित्रकार राहत होता. तेच ब्रिटिश आपल्याकडेही राज्य करत होते. 1897 साली 'केसरी'तील लेखनाबद्दल त्यांनी लोकमान्य टिळकांना 18 महिन्यांची सक्तमजुरी दिली होती. चीनचे सरकार तर याहून कठोर होते. बादशाही उलथून टाकू पाहणारे यंग कू वान हे त्सान ताईचे मित्र होते. हाँगकाँगमध्ये ते मुलांना इंग्रजी शिकवत. 1901 च्या जानेवारीत ते शिकवत असतानाच बादशाही सरकारने पाठवलेल्या मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यात ते मरण पावले.

त्सान ताई मात्र थांबला नाही. 1903 साली त्याने एका इंग्रज पत्रकाराबरोबर हाँगकाँगमध्ये इंग्रजी वर्तमानपत्र सुरू केले. ते पुढे शंभराहून अधिक वर्षे चालले. त्याला यंत्रांचीही आवड होती. विमाने उडू लागण्याच्या आधीच त्याने हवेत चालणाऱ्या जहाजाचा आराखडा तयार केला होता. 1912 साली चीनच्या बादशहाला गादी सोडावी लागली, तेव्हा त्सान ताई जवळजवळ चाळीस वर्षांचा होता.

हाँगकाँगजवळचा तो 99 वर्षांच्या कराराचा मुलूख आठवतो ना? तो करार 1898 साली सुरू झाला होता. 1 जुलै 1997 रोजी हाँगकाँग बेटासह तो मुलूख चीनला परत मिळाला. किती वर्षे झाली, हे तुम्हीच वजाबाकी करून पाहा.