पोटगीचा बोजा आणि तो उतरविण्याची रीत

बोजा म्हणजे ओझे. बैलाच्या पाठीवरचे ओझे डोळ्यांना दिसते. जमिनीवरचे ओझे मात्र कागदावरच असते. ज्याला वाचता येत नाही, त्याला ते दिसत नाही.

सात-बारा उतारा आपल्या सोलापूर जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? पीककर्ज काढायला गेले की सोसायटी तोच मागते. या उताऱ्यावर 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. सोसायटीचे, बँकेचे कर्ज तिथे लिहितात. पोटगीचा बोजाही तिथेच लिहितात. त्याविषयी आज आपण वाचू.

हा बोजा येतो कसा?

पूर्वी काही जातींत काडीमोड पंचांपुढे होई. मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मग १९५५ साली केंद्राचा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या २५व्या कलमाप्रमाणे कोर्ट पोटगी ठरवते. पैसे बुडू नयेत म्हणून, जरूर वाटल्यास, देणाऱ्याच्या जमिनीवर किंवा घरावर कोर्ट त्या रकमेचा बोजा ठेवू शकते. त्याची नोंद उताऱ्यावर झाली, की जमीन घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे सांगता येत नाही.

पैसे फेडले, मग बोजा का राहिला?

समजा, मोहोळ तालुक्यात एक शेतकरी आहे. कोर्टाने त्याला तीन हप्त्यांत पोटगी द्यायला सांगितली. दोन हप्ते त्याने बँकेतून दिले. तिसरा पंढरपूरच्या बाजारात हातोहात दिला. पावती घेतली नाही. चार वर्षांनी विहिरीसाठी कर्ज हवे झाले. बँकेने उतारा पाहिला आणि म्हटले, "अहो, यावर पोटगीचा बोजा आहे. आधी तो उतरवून आणा." शेतकरी म्हणाला, "साहेब, मी पै न् पै फेडली आहे." फेडली खरी, पण कागद काय सांगतो?

मंडळी, हे पक्के ध्यानात ठेवा. पैसे फेडले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. तो कागदावरून उतरवावा लागतो. बाईने दुसरे लग्न केले तरीही तो आपोआप जात नाही. कोर्टात अर्ज करावा लागतो. मग कोर्ट आपला हुकूम बदलू शकते किंवा रद्द करू शकते.

उतरविण्याची रीत

१. पैसे कोर्टात भरावे किंवा बँकेतून द्यावे. लेखी पावती घ्यावी.

२. कोर्टाबाहेर पैसे दिले, तर तीस दिवसांच्या आत कोर्टाला अर्ज करून तशी नोंद करून घ्यावी. नोंद नसलेली फेड हुकमाची बजावणी करणारे कोर्ट मानत नाही.

३. पैसे पुरे फिटल्यावर बोजा कमी करण्याचा हुकूम कोर्टाकडून मागावा. बोजा नोंदणी केलेल्या दस्ताने आला असेल, तर तो सोडल्याचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा.

४. हुकमाची नक्कल जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) तो फेरफार नोंद घालतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकत नसेल, तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. शहरातल्या घराला सात-बाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असते. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयात जावे.

५. शेवटी नवा उतारा काढावा आणि स्वतः वाचावा. 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा उरला नाही ना, ते पाहावे.

आता बायाबापड्यांसाठी दोन शब्द

ताई, तो बोजा म्हणजे तुमची भाकरी आहे. "सही करा, पैसे मागाहून देतो," असे कोणी म्हणाले तर सही करू नका. अंगठाही उठवू नका. सारी रक्कम मिळाल्यावर, कागद वाचून, मगच सही करा. नोटीस आली आणि पैसे बाकी असले, तर मुदतीत लेखी हरकत द्या. वकिलाला द्यायला पैसे नसले तरी भिऊ नका. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे चौकशी करा.

ज्याने फेडले त्याचा बोजा उतरावा. जिचे बाकी आहे तिचा बोजा राहावा. यातच न्याय आहे. आम्ही अक्षरे शिकवितो ती याचसाठी.

शब्दार्थ
फेरफार : हक्कांतील बदलाची नोंद
हरकत : आक्षेप
नक्कल : कागदाची प्रत

प्रश्न
१. बोजा उताऱ्याच्या कोणत्या रकान्यात असतो?
२. मोहोळच्या शेतकऱ्याने तिसरा हप्ता कसा द्यायला हवा होता?
३. घरचा उतारा वर्गात आणा. 'इतर अधिकार' मोठ्याने वाचा.