चेहरा कोणाच्या मालकीचा?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि तीही कबड्डीमुळे चढता आली. गेल्या वर्षी आमच्या नाक्यावर एका क्लासच्या जाहिरातफलकावर माझे चढाई करतानाचे छायाचित्र झळकले. मला कोणी विचारले नव्हते. आई हरखून गेली, वडिलांनी एवढेच विचारले, "पैसे किती दिले?" क्लासचे चालक म्हणाले, "अरे, तुझी फुकट प्रसिद्धी झाली की!"

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी अमेरिकेतील कायद्यापाशी येऊन पोहोचलो. तेथे महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल म्हणजे कोट्यवधी डॉलरांची उलाढाल. १९०६ साली स्थापन झालेली 'एन.सी.ए.ए.' ही संस्था या खेळांचे नियमन करते. खेळाडू हौशी आहे, त्याने शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घेऊ नये, असा तिचा दंडक होता. मार्गदर्शकांना मात्र भरघोस पगार!

१९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन हा महाविद्यालयीन खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. कामगार म्हणून भरपाई मिळावी, असे त्याच्या विधवेचे म्हणणे होते. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द संस्थेने याच काळात रूढ केला. खेळाडूंना नोकर ठरवले जाईल या भीतीपोटी तो घडवला, अशी कबुली संस्थेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली. मला स्वतःला हा शब्द किती अभिमानाचा वाटत असे!

पुढे एड ओबॅनन या बास्केटबॉलपटूला मित्राच्या घरी कळले, की एका व्हिडिओ गेममध्ये आपणच खेळतो आहोत. नाव नव्हते; पण संघ तोच, क्रमांक ३१ तोच. २००९ साली त्याने दावा लावला आणि २०१४ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. २०१९ साली कॅलिफोर्नियाने नाव, प्रतिमा व ओळख यांवर खेळाडूंना कमाई करू देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये 'अल्स्टन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायमूर्ती संस्थेच्या विरोधात गेले. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता. पण संस्थेचा धीर सुटला व १ जुलैपासून जाहिरातींची मुभा मिळाली.

मग नवाच पेच उभा राहिला. धनिक चाहते जाहिरातीच्या नावाखाली पैसे देऊन चांगले खेळाडू आपल्या विद्यापीठाकडे ओढू लागले. प्रवेशाआधी अशी बोलणी करण्यास संस्थेची बंदी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने तिची अंमलबजावणी रोखली. हा लिलावच, असे काही म्हणतात. मला तसे वाटत नाही. मार्गदर्शक पगार ठरवूनच येतो, मग मुलानेच का न विचारावे? जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे असून विद्यापीठेही आता थेट वाटा देऊ शकतात.

'नोकर की विद्यार्थी' हा डेनिसनच्या विधवेचा प्रश्न मात्र या तडजोडीने सोडवलेला नाही. शिवाय विद्यार्थी-व्हिसावर तेथे खेळणाऱ्या परदेशी मुलांना, म्हणजे आपल्याकडून गेलेल्यांनाही, नोकरी-धंद्यावर कडक बंधने असल्याने जाहिरात घेणे जोखमीचेच आहे. चेहरा त्यांचाही विकला जातोच.