रोकडीवांचून प्रवास व बाजार

पंप किंवा बियाणें आणावयास पुण्यास निघालेला शेतकरी पूर्वीं नोटांचें पुडकें बंडीच्या आंतल्या खिशांत ठेवी आणि गाडींत रात्रभर जागा राही. २०१६ सालीं यूपीआय ही पद्धति सुरू झाल्यापासून मोबाइलवरून पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत तत्काळ जातात, व हीं जागरणें बहुतेक संपलीं. त्याच वर्षीं १ डिसेंबर रोजीं ठाणें जिल्ह्यांतील धसई हें राज्यांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून जाहीर झालें होतें. परंतु चोराची वाट बंद झाली असें मात्र नाहीं. ती बदलली एवढेंच.

पिन ही आपली सही समजावी. ती करावयाची पैसे देतांना. घेतांना तिचें कांहींच काम नाहीं. समजा, आपण बैलजोडी विकावयास काढली आहे. परगांवचा कोणी फोन करून म्हणतो, “विसार पाठवितों; हें चित्र स्कॅन करा व पिन दाबा.” पिन दाबतांच विसार येण्याऐवजीं आपलेच पैसे जातात. असें झाल्यास पुष्कळजण लाजेनें गप्प बसतात, व तेंच अधिक घातक ठरतें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, खातेदाराच्या हयगयीमुळें झालेलें नुकसान तो बँकेस कळवीपर्यंत त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. तेव्हां पहिला फोन बँकेस व लागलीच दुसरा १९३० या क्रमांकावर करावा. घरच्या मंडळींस मागाहून सांगितलें तरी चालेल.

मोबाइलशीं जोडलेलें खातें निराळें असावें व त्यांत प्रवासखर्चापुरतीच रक्कम ठेवावी. हंगामाचें सर्व उत्पन्न तेथें नको. किसान क्रेडिट कार्डावरील पैसा खर्चावयास सोपा असला तरी तो कर्जाऊ आहे, हें दुकानांत उभें असतां सहज विसरतें. स्वतःची मोटार असल्यास फास्टॅगमधील शिल्लक पाहून निघावें. साधा मोबाइल असणारांस *९९# या क्रमांकावरून, इंटरनेटवांचून, एका वेळीं ५,००० रुपयांपर्यंत देतां येतात. रेंज मात्र लागते. घाटांत ती पुष्कळदां नसते, म्हणून शेंदोनशें रुपये गांठीस असूं द्यावेत.

माल विकतांना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील ‘पैसे गेले’ हें चित्र पाहून पोतीं गाडींत चढवूं नयेत. आपल्या खात्यांतील शिल्लक आपण स्वतः पाहावी, मग हमालास सांगावें.