कार्पेट धुतेस तेव्हा हवेला वाट दे

सुमे, कार्पेट धुण्याचं मशीन घेतलंस हे ऐकून फार बरं वाटलं. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर राहायच्या खोल्या वाढल्या, खोल्यांत सोफे आणि कार्पेटं आली. ती नीट धुणारं हक्काचं माणूस गावात हवंच. आणि महर्षी कर्व्यांच्या गावातली बाई स्वतःच्या हिमतीवर धंद्यात उतरते, याचा मला किती अभिमान वाटतो ते काय सांगू!

आता ताईचं ऐक. दुकानदार मशीनची ओढ दाखवून भुलवतात. ओढ हवीच, पण कार्पेटातली माती आणि पाणी उचलून नेते ती वाहती हवा. नळीच्या तोंडावर तळवा घट्ट दाबून बघ. मोटरचा आवाज चढतो, तळवा आत खेचला जातो. ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त असते, आणि टाकीत मात्र काहीच पोचत नाही. शहाळ्यातली नळी मलईत रुतली की कितीही ओढलं तरी घोट येत नाही, तसंच हे. म्हणून दांडी कार्पेटवर अंगाचा भार टाकून रेटू नकोस. तोंड सपाट टेकव, पण लवेतून हवा आत शिरायला जागा राहू दे. पाणी सोडत एकदा ओढलंस की पाणी बंद करून त्याच पट्ट्यावरून दोनदा-तीनदा सावकाश कोरडी ओढ घे. भरभर हात मारणाऱ्याचं काम दिसायला लवकर होतं, पण पाणी खाली अस्तरात राहतं.

हवेने घाण ओढायची ही युक्ती मुळात कोरड्या धुळीसाठी निघाली. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०१ साली लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याने खुर्चीवर रुमाल ठेवला, त्यातून तोंडाने हवा ओढली, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली दिसली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच्या यंत्राने साफ झाले. तेव्हा पाण्याचा थेंबही न लावता निघणारी घाण आधी काढ. आपल्याकडे तर पर्यटकांच्या पायांबरोबर समुद्राची वाळू येते. ती कोरडी असताना सुटते. भिजली की मुळाशी जाऊन बसते. धुण्याइतकाच वेळ या कोरड्या फेरीला दे, गिऱ्हाईक घाई करो वा न करो.

नळीकडे दुर्लक्ष करू नकोस. लांब, बारीक, मुरडलेली नळी हवा खाते. दीड इंचीऐवजी दोन इंची घेतलीस तर तेवढ्याच हवेला होणारा विरोध जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. फक्त मशीनचं तोंड तेवढं आहे ना, बघून घे. जाळीतले केस आणि लोकर रोज काढ, झाकणाचं रबर तपास. शाम्पू बेताने घाल, नाहीतर टाकीत फेस चढून मोटरपर्यंत जातो. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शनही नको. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते आणि हवा घटते.

आता आपल्या किनाऱ्याचं खास दुखणं. इथे कार्पेटात मीठ असतं. ओल्या टॉवेलांतून, पायांतून येतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं; समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियमचा अंश तर त्याच्या कितीतरी आधी ओला होतो. म्हणून तुझं धुतलेलं कार्पेट सुकूनही पुन्हा दमट लागेल. त्यावर उपाय एकच, शेवटचा हात साध्या गोड्या पाण्याने फिरव आणि ते पाणी पुरतं ओढून घे.

सुकवायलाही हवाच लागते, पण कोरडी. पंखा जमिनीलगत ठेव, म्हणजे लवेवर साठलेली दमट हवा सरकत राहील. हिवाळ्यात सकाळी डोंगराकडून मतलई वारा येतो, तो कोरडा. तेव्हाच काम उरक आणि खिडक्या उघड्या ठेव. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की खिडक्या लावून एसी चालव. चोवीस तासांच्या आत कार्पेट सुकलंच पाहिजे. त्यापुढे बुरशीला वाव मिळतो आणि कुबट वास येतो, मग गिऱ्हाईक तुझ्याच नावाने ओरडेल. निघण्याआधी पांढरा कोरडा पंचा अंथरून त्यावर उभी राहा. पाय उचलल्यावर पंचा ओला दिसला तर आणखी एक कोरडी ओढ बाकी आहे, असं समज.

आगोटीनंतर फक्त कोरडी सफाई घे. पावसात खिडकीबाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. तिच्यावर पंखा लावून काय होणार? एखादा रिसॉर्टवाला श्रावणात ओली धुलाई मागेल, वर पैसेही देईल. त्याला गोड शब्दांत नाही म्हण आणि दिवाळीआधीची, ऊन पडल्यावरची तारीख दे.